वाळूतून दोन किलोमीटर चालत जाऊन गळ टाकायचा असेल, तर सामान किती न्यावं आणि कशात न्यावं?

प्रश्न वाचल्यावर क्षणभर वाटलं, दाजींनीच नाव बदलून विचारलाय. दोन रॉड, बसायचा डबा, बर्फाची पेटी आणि घडीची खुर्ची एवढं घेऊन दोन किलोमीटर वाळू तुडवायची आहे, तर पाठीवरची सॅक बरी की चाकांचा गाडा, असं तुम्ही विचारलंय. दुसरा रॉड घरी ठेवा. मग डबा ठेवा, मग पेटी, मग खुर्ची. जे उरेल त्याला सॅकसुद्धा लागत नाही, खांद्यावरची एक पिशवी पुरते.

खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुमच्या यादीतल्या चारही वस्तू मी एकदा दुसऱ्याच्या हौसेपायी पाण्यातून वाहिल्या आहेत, त्यामुळे थोडं जास्त लिहितो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गळ टाकायला मला त्यांनीच शिकवलं. लाट कुठे फुटत नाही ते बघ, तिथे चर आहे, मासा चरात फिरतो, हे त्यांचंच शिक्षण. म्हणून तोंडावर फार बोलता येत नाही. त्यांचा एकच मंत्र आहे: "असू दे रे, लागलं तर?" या 'लागलं तर'मध्ये तेरा फुटी दोन रॉड येतात, एक डबा येतो ज्यावर बसताही येतं, आणि त्या डब्यात सव्वाशे ग्रॅमची चोवीस शिसं, म्हणजे गळ लांब जावा म्हणून दोरीला बांधायची वजनं. हिशेब करा, तीन किलो नुसतं शिसं. एका संध्याकाळी चोवीस शिसं तोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुटलीच तर त्याने शिसं नव्हे, जागा बदलावी.

अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे उधाणाचं पाणी. ओहोटी अशी खोल गेली की समोरचा वाळूचा दांडा उघडा पडला. मधल्या चरात गुडघ्याएवढं पाणी होतं. आम्ही दोन फेऱ्या मारून सगळा संसार दांड्यावर नेला. दोन फेऱ्या लागल्या तिथेच मला समजायला हवं होतं. जे सामान एका फेरीत येत नाही, ते परतताना घाईत कसं येणार?

माझ्याकडे तेव्हाही एकच रॉड होता. अर्ध्या तासात त्याच्या टोकाच्या रिंगमधला सिरॅमिकचा छल्ला निखळून पडला. छल्ला गेला की ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली दोरी उघड्या धातूवर घासते. आधी तिला लोकरीसारखे तंतू सुटतात, मग एखाद्या जोरदार फेकीत ती तुटते. माझी तुटली. शिसं लांब समुद्रात गेलं आणि दोरीचं टोक हलकेच माझ्या पायाशी येऊन पडलं. दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुसरा रॉड वाळूत रोवलेल्या नळीतून काढून माझ्या हातात दिला. त्या न बोलण्याचा त्रास मला आजही होतो.

आणि त्याच रॉडला मासा लागला. हातभर आणि वर चार बोटं. माझा आजवरचा सगळ्यात मोठा. तो पेटीत गेला, मग आणखी एक मिळेल म्हणून आम्ही थांबलो, आणि घड्याळ कुणी पाहिलंच नाही.

भरती एका चालीने चढत नाही. ढोबळ हिशेब बाराव्या हिश्श्यांचा: सहा तासांतल्या पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम सतरा सेंटीमीटर पाणी चढतं, आणि माणूस म्हणतो, अजून वेळ आहे. तिसऱ्या तासात तेच पाणी अर्धा मीटर चढतं. शिवाय दांडा उंच असतो आणि चर खोल. आपल्या घोट्याला पाणी लागतं तेव्हा पाठीमागचा चर कमरेला आलेला असतो, आणि आपलं तोंड समुद्राकडे असतं.

मी मागे वळून पाहिलं आणि म्हणालो, "दाजी, निघू." ते म्हणाले, "आवरतो की." ते आवरणं वीस मिनिटं चाललं. रॉडचे तुकडे सोडवून पिशवीत, रील कापडात, खुर्चीची घडी, नळ्या उपटून वाळू झटकून, डब्याच्या झाकणाच्या दोन कड्या, त्यातली एक बसेना. त्या वीस मिनिटांत पाणी आणखी वीतभर चढलं. आता दोन फेऱ्यांचा प्रश्नच नव्हता. डब्याचा पट्टा माझ्या गळ्यात, एका हातात पेटी, दुसऱ्यात खुर्ची. दाजींकडे रॉड.

चराच्या मध्यावर पाणी बरगड्यांपर्यंत आलं. बाजूने एक लाट आली, मोठी नव्हती, पण माझा एकही हात मोकळा नव्हता. डबा लाटेने उचलला आणि पट्टा मानेला आवळला. मी पेटी सोडली, दोन्ही हातांनी पट्टा डोक्यावरून काढला. डबा कलंडला, ती न बसलेली कडी सुटली, आणि तीन किलो शिसं एकदम तळाला गेल्यावर तो रिकाम्या खोक्यासारखा तरंगायला लागला. पेटी उलटी होऊन चराच्या ओढीबरोबर निघून गेली. त्यात माझा मासा होता.

आम्ही दोघं काठावर पोचलो. खुर्चीही पोचली, का ते माहीत नाही.

तेव्हापासून घरात चार माणसं जमली की वाद ठरलेला. दाजी म्हणतात, "दुसरा रॉड होता म्हणून याला मासा लागला." मी म्हणतो, दुसरा रॉड होता म्हणूनच मासा गेला. ताई म्हणते, दोघं परत आलात ना, मग जेवा.

तर तुमचा प्रश्न. किती किलो न्यायचं हे मोजूच नका. जागेवरून उठून चालू लागायला किती वेळ लागतो आणि तेव्हा किती हात मोकळे राहतात, ते मोजा. माझं आता एक मिनिट लागतं, आणि एक हात कायम रिकामा असतो. हे जमलं की भरतीची भीती कमी होतेच, मासेही जास्त मिळतात, कारण चालणारा माणूस तासात चार चर पाहतो. बाडबिस्तरा मांडून बसलेला माणूस जिथे बसला तिथेच मासा आहे अशी स्वतःची समजूत घालत राहतो. अन् तेरा फुटी रॉडने लांबवर फेकायची एवढी हौस कशाला? कित्येकदा मासा पहिल्याच चरात, वीस-तीस मीटरवर असतो, आणि आपण त्याच्या डोक्यावरून शिसं पलीकडे भिरकावतो. दहा फुटी, दोन तुकड्यांचा रॉड पुरतो. चार-पाच तुकड्यांचे प्रवासी रॉड विमानासाठी ठीक आहेत, वाळूत त्यांच्या प्रत्येक सांध्यात कण जाऊन बसतो.

वाळूतल्या चालण्याला कमी लेखू नका. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 साली हे मोजलं होतं: कडक जमिनीवर जेवढी ऊर्जा लागते, त्याच वेगाने वाळूत चालायला तिच्या 2.1 ते 2.7 पट लागते. म्हणजे तुमचे दोन किलोमीटर शरीराच्या हिशेबात चार-पाच होतात, आणि परतताना अंधार, ओले कपडे. जाता-येता पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू धरा. ती ओहोटीत मिळते, म्हणून जायची वेळही तीच ठरवते.

माझ्या पिशवीत काय असतं ते सांगतो, तुम्ही कमी-जास्त करा. चार शिसं, जुन्या मोज्यात घातलेली, म्हणजे खडखडत नाहीत आणि पिशवी फाडत नाहीत. बांधून तयार चार गळ, फोमच्या तुकड्यावर गुंडाळलेले. लीडरची, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाला जोडायच्या जाड दोरीची छोटी रिळं. (लीडरला कंजुषी नको: शिशाच्या दर औंसाला दहा पौंड ताकदीची दोरी, म्हणजे चार औंसाला चाळीस. फेकताना दोरी तुटली तर ते शिसं शेजाऱ्याच्या कपाळावर जाऊ शकतं.) दोन-तीन ल्यूर, म्हणजे नकली आमिषं. पक्कड दोरीने कमरेला बांधलेली, सुरी, मासा ओवायला दोन मीटर दोरी, एक जाड फडकं. हेडलॅम्प, दिवसा गेलात तरी. दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. वजन वाचवायचं म्हणून हे मात्र कमी करू नका. पिशवीच्या तळाला भोकं हवीत, नाहीतर एका लाटेनंतर तुम्ही पाणीच वाहत बसाल. रॉड रोवायची नळी मी नेतो, अर्धा हात तरी खोल रुतेल अशी. रील वाळूवर ठेवायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच, आणि नळी नसली की आपण ठेवतोच.

सॅक घेतलीच तर पाण्यातून जाताना छातीचा आणि कमरेचा पट्टा उघडा ठेवा. मानेत अडकलेला पट्टा काय करतो ते वर सांगितलंय. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची छातीपर्यंतची रबरी विजार घालत असाल तर नेमकं उलट, वरून कमरपट्टा घट्ट आवळा, म्हणजे पडलात तर पाणी आत भरायला वेळ लागेल.

आता दाजींना न्याय द्यायचा तर एक गोष्ट कबूल करावी लागेल. त्या संध्याकाळी माझं चुकलंच होतं. दुसरा रॉड नको हे खरं, पण टोकाची एक जादा रिंग हवी होती. तिचं वजन दोन-तीन ग्रॅम. आता माझ्याकडे रिंग, हॉट ग्लूच्या कांडीचा बोटभर तुकडा आणि लायटर कायम असतो. जुन्या रिंगची नळी थोडी तापवायची, रॉडचं कार्बन नाही, फक्त धातू. गोंद सैल झाला की फडक्यात धरून ओढायची. नव्या नळीत वितळलेल्या गोंदाचे दोन थेंब सोडून ती टोकावर बसवायची आणि एक डोळा मिटून खालच्या रिंगांच्या रेषेत आणायची. अर्ध्या मिनिटात गोंद धरतो. वाऱ्यात लायटर टिकत नाही, म्हणून पिशवी उघडून तिच्या आत तोंड घालून हे करावं लागतं. दिसायला वाईट दिसतं, पण काम होतं. दाजींना मी हे अजून दाखवलेलं नाही.

आणखी दोन-चार गोष्टी वर लिहायच्या राहिल्या. दांड्यावर जायचं तर ओहोटीचा तळ गाठायच्या आधी जा, आणि पाणी फिरलं की लगेच निघा. समुद्राकडे नेणारी पाण्याची ओढ लागलीच तर तिच्याशी झुंजू नका, सामान सोडा आणि किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. आकाशात गडगडलं तर रॉड आडवा करून किनारा सोडा, कार्बनमधून वीज वाहते. गुडघे किंवा पाठ दुखत असेल, किंवा सोबत लहान मूल असेल, तर वरचा माझा सगळा तोरा विसरा आणि खुर्ची घेऊन जा. आमिष लावून एकाच जागी रात्रभर बसणाऱ्यांना दोन रॉड लागतात हेही मान्य. पण ते गाडी उभी करून शंभर पावलांवर बसतात, दोन किलोमीटर चालत नाहीत.

गाड्याचं राहिलंच. बारीक चाकांचा गाडा मऊ वाळूत नांगरासारखा चालतो, त्यापेक्षा खांदा बरा. फुग्यासारखे रुंद, कमी हवेचे टायर असतील तरच विचार करा, आणि दर वेळी घरी आल्यावर आस गोड्या पाण्याने धुवा. दाजींनी गेल्या वर्षी असाच एक घेतला. डबा, पेटी, तीन रॉड आणि तीच खुर्ची त्यात आरामात बसते. ओढायची दोरी एकच आहे, आणि ती धरायला ते मलाच बोलावतात.