ग्रीनलंड तापलं की अंटार्क्टिका का निवायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हिमयुगात ग्रीनलंड तापलं की अंटार्क्टिका थंड का व्हायची, आणि याला ‘सी-सॉ’ (मुलांच्या बागेतली वर-खाली होणारी फळी) म्हणतात तर दोन्हींच्या तापमानाचे आलेख एकमेकांचे हुबेहूब उलटे का नाहीत? दुसरा प्रश्न फर्मास आहे, खरी गंमत तिथेच आहे.

शेवटच्या हिमयुगात ग्रीनलंड वीस-पंचवीस वेळा झटक्यात तापलं. झटक्यात म्हणजे काही दशकांत, बहुतेकदा ८ ते १६ अंशांनी. अंटार्क्टिकाचा कारभार मात्र संथ. शेकडो वर्षं घेत एक ते तीन अंश वर, मग तसंच खाली. एकीकडे करवतीचे दाते, दुसरीकडे बुटक्या टेकड्या.

दुवा अटलांटिक महासागराचा. तिथले प्रवाह दक्षिण गोलार्धातली उष्णता विषुववृत्त ओलांडून उत्तरेला नेतात. ते मंदावले की उत्तर गारठते आणि न गेलेली उष्णता दक्षिणेत साठते. १९९८ साली शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी याला ‘सी-सॉ’ म्हटलं. नाव चिकटलं, पण माझ्या मते त्यानेच घोळ केला, कारण फळीचं एक टोक वर गेलं की दुसरं त्याच क्षणी खाली येतं.

त्यापेक्षा गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. नळ एका झटक्यात सुटतो किंवा बंद होतो, टाकीतली पातळी मात्र हळूहळू उतरते, हळूहळू चढते. ग्रीनलंडचं तापमान नळ सुरू आहे की बंद ते सांगतं, अंटार्क्टिकाचं तापमान टाकीची पातळी. टाकी म्हणजे दक्षिणेकडचा अवाढव्य महासागर. स्टॉकर आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे गणितात मांडलं आणि आलेखांचे आकार बरेचसे जुळले.

आता कोण आधी, कोण नंतर? हे ठरवणं महाकटकटीचं, कारण दोन ध्रुवांवरच्या बर्फाची कालगणना वेगवेगळी. इथे मिथेन वायू कामी आला. ग्रीनलंड तापलं की उष्ण कटिबंधातल्या पाणथळ जागांतून मिथेन वाढायचा आणि तो वर्षा-दोन वर्षांत जगभर पसरायचा. दोन्हीकडच्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांत मिथेनची तीच उडी सापडते, तिच्यावरून दोन्ही कालगणना जुळवता येतात. पण मेख अशी, की वरचं वीस-तीस मजले खोलीचं हिम भुसभुशीत असतं, त्यातून हवा खेळत राहते. बुडबुडा खाली, उशिरा बंद होतो. म्हणजे आतली हवा भोवतीच्या बर्फापेक्षा तरुण! पूर्व अंटार्क्टिकात हिमवृष्टी फार कमी, तिथे हा फरक हजारो वर्षांचा. पश्चिम अंटार्क्टिकात वेस डिव्हाइड इथे भरपूर हिम पडतं, म्हणून तिथे तो जेमतेम काही शतकांचा. तिथून ३,४०५ मीटर लांबीचा गाभा (बर्फात खोल छिद्र पाडून काढलेला बर्फाचा दांडा) काढला आणि २०१५ मध्ये उत्तर आलं: उत्तरेत आधी बदल, मग सरासरी सुमारे २०० वर्षांनी अंटार्क्टिकाचा आलेख वळतो.

दोनशे वर्षं ही हवेची चाल नव्हे, समुद्राची. वारा इतका वेळ घेत नाही. पण वाऱ्याला अगदी बाद करू नका. २०१८ मध्ये ज्वालामुखींच्या राखेतल्या-गंधकातल्या खुणा जुळवून पाच गाभे शेजारी ठेवले, तेव्हा दिसलं की दक्षिणेचे पश्चिमी वारे (पश्चिमेकडून वाहणारे) उत्तरेतल्या बदलाबरोबर लगेच सरकतात, आणि त्याचा परिणाम अंटार्क्टिकात सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे एकच गाभा घेऊन ‘अंटार्क्टिकात असं झालं’ म्हणणाऱ्या लेखांकडे जरा सावधपणे बघा.