‘दिसल्या नाहीत’ म्हणजे काय?

प्रश्न : माझं वय ५४. दोन वर्षांत दोनदा मुतखडा झाला म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम ११.३ आणि पीटीएच १३८ आलं. मग मानेची सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘थायरॉईडचा आकार नॉर्मल. डाव्या बाजूला ६ मिमीची कोलॉइड गाठ, टायरॅड्स १. पॅराथायरॉईड ग्रंथी दिसल्या नाहीत.’ म्हणजे मला त्या ग्रंथी नाहीतच का? की तपासताना नीट पाहिलं नाही? कॅल्शियम या गाठीमुळे वाढलं असेल का?

उत्तर : गाठीचं आधी सांगते. टायरॅड्स १ म्हणजे निरुपद्रवी दिसणारी गाठ, तिच्यात सुई घालून तपासावं लागत नाही. तुमच्या कॅल्शियमशी तिचा संबंध नाही.

पॅराथायरॉईड ग्रंथी तुम्हाला नक्की आहेत. पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन, त्याच बनवतात, त्या नसत्या तर हा आकडा जवळजवळ शून्यावर असता. बहुतेकांना त्या चार असतात, थायरॉईडच्या मागच्या अंगाला, उजवीकडे दोन आणि डावीकडे दोन. एकेक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन १८८० साली छापून आलं. त्या शोधल्या स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने. तोवर शरीराची इतकी चिरफाड होऊनही त्या कुणाच्या डोळ्यांत भरल्या नव्हत्या. निरोगी पॅराथायरॉईड आजूबाजूच्या चरबीत आणि थायरॉईडच्या कडेला इतकी मिसळून जाते की सोनोग्राफीत ती सहसा दिसतच नाही. म्हणून या ओळीची भीती बाळगू नका.

आम्ही शोधतो ती वाढलेली ग्रंथी. खांद्यांखाली उशी ठेवून मान मागे घेतली आणि प्रोब आडवा टेकवला की मधोमध श्वासनलिका, तिच्या दोन्ही बाजूंना उजळ करड्या रंगाची, बारीक पोताची थायरॉईड आणि तिच्या बाहेरच्या अंगाला धडधडणारी कॅरोटिड रोहिणी दिसते. वाढलेली पॅराथायरॉईड या उजळ पोताच्या मागे काळसर, लांबट अशी उठून दिसते आणि दोघींच्या मध्ये पातळ पांढरी रेघ असते. रक्ताचा प्रवाह दाखवणारा डॉप्लर लावला की तिच्या एका टोकातून रक्तवाहिनी आत शिरताना दिसते. तशाच दिसू शकणाऱ्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) ती मधल्या खाचेतून शिरते. हा फरक मी फार महत्त्वाचा मानते.

पण ध्वनिलहरी हवेतून आणि हाडातून पुढे जात नाहीत. श्वासनलिकेच्या आड किंवा छातीच्या हाडामागे लपलेली ग्रंथी सोनोग्राफीला सापडत नाही. खालची जोडी तर गर्भावस्थेत थायमस या छातीतल्या ग्रंथीसोबत मानेतून खाली उतरते, त्यामुळे ती कधी वाटेत अडकते, कधी छातीत जाऊन बसते. चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची गोष्ट आम्हाला शिकताना ऐकवली जायची. जादा पीटीएचमुळे हाडं ठिसूळ होऊन त्याची उंची कित्येक इंच घटली होती. सहा शस्त्रक्रियांत रोगट ग्रंथी मिळाली नाही. १९३२ साली सातव्या वेळी छाती उघडली, तेव्हा ती तिथे सापडली.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका बाईंच्या रिपोर्टवर ‘दिसत नाही’ असं लिहून मोकळी झाले होते. पुढे त्यांच्या सेस्टामिबी स्कॅनमध्ये (यात टोचलेलं किरणोत्सारी औषध वाढलेल्या ग्रंथीत साठून दिसतं) डावीकडे खाली ठिपका उमटला. मी त्यांना परत बोलावलं, मान उजवीकडे वळवायला लावली, प्रोब गळपट्टीच्या हाडामागे तिरका धरला आणि गिळायला सांगितलं. गिळताना क्षणभर ती काळी लांबट ग्रंथी वर आली आणि पुन्हा खाली गेली. चूक माझीच होती. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला गिळायला सांगते.

तुमच्या बाबतीत रक्ताचे आकडे जास्त बोलके आहेत. कॅल्शियम चढलं की पीटीएच उतरायला हवं. इथे दोन्ही चढलेली आहेत, म्हणजे एखादी ग्रंथी कुणाचं ऐकेनाशी झाली असण्याची शक्यता मोठी आहे. निदान रक्तावरून होतं, सोनोग्राफी फक्त शस्त्रक्रियेआधी ग्रंथीचा पत्ता शोधते. तेव्हा सोनोग्राफीत काही नाही म्हणून फाईल बंद करू नका. २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता यांबद्दल एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांना विचारा. लघवीची तपासणी आवर्जून करा. एका आनुवंशिक प्रकारात आकडे असेच दिसतात, पण त्यात शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. शस्त्रक्रिया ठरली तर पुढे सेस्टामिबी स्कॅन किंवा फोर-डी सीटी आहे.

सोनोग्राफी पुन्हा करायची झाली, तर जिथे पॅराथायरॉईड नेहमी पाहिल्या जातात अशा ठिकाणी करा. चिठ्ठीवर फक्त ‘मानेची सोनोग्राफी’ नको, ‘पॅराथायरॉईडसाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि कॅल्शियम-पीटीएचचे रिपोर्ट तपासणाऱ्यांच्या हातात आधीच द्या.