घणसोलीला उतरायचं नाही

"मॅडम, एवढंच सांगा, रेसिडेन्सी सोडू की नको?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. वय २७, एमडी पॅथॉलॉजीचं (शरीरातून काढलेले तुकडे तपासून रोग ओळखायची शाखा) पहिलं वर्ष, हॉस्पिटल नवी मुंबईत, घर ठाण्यात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.) मी समुपदेशक. रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात काम करत एमडी शिकणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. मेडिसिन किंवा सर्जरीच्या मुलांचं घरच्यांना निदान कळतं. हिच्या बाबांना ते कळतच नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या ते मला म्हणाले, "पेशंट नाही, इमर्जन्सी नाही, मग टेन्शन कसलं घेते ही?"

तिला म्हटलं, सोडायचं की नाही ते नंतर बघू. काल रात्री घरी किती वाजता पोचलीस?

साडेअकरा. काम संपलं होतं सातला.

मधले तास कुठे गेले हे कळायला मला तिचं काम समजून घ्यावं लागलं. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणाच्या, बरणीतून लॅबमध्ये येतो. तो मोजायचा, वर्णन लिहायचं, हवे तिथले पातळ तुकडे कापून प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये ठेवायचे. याला ग्रॉसिंग म्हणतात. एंडोस्कोपीचे तुकडे तर साबुदाण्याहून लहान. प्रत्येक केसनंतर चिमटा पुसायचा, नाहीतर एका पेशंटचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर जातो. कॅसेटवर नंबर घालायचा तो पेन्सिलने, कारण रात्रभर मशीनमध्ये ती अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते, त्यात साधी शाई टिकत नाही. मग मेण, मग तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप. म्हणजे सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते कोणाचं, हे सांगायला उरतो फक्त तो पेन्सिलचा नंबर.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या हातून एका कॅसेटवर ३ चा ८ झाला होता. मशीन सुरू व्हायच्या आधीच, रजिस्टर जुळवताना, सिनियरच्या लक्षात आलं. पेशंटला काही झालं नाही. पण सगळ्यांसमोर तो म्हणाला, "उद्या एखादीचा ब्रेस्ट फुकट गेला असता." त्या दिवसापासून घरी जाताना ठाण्याची लोकल वाटेत घणसोली स्टेशनात आली की हिच्या पोटात गोळा यायचा. ती उतरायची, पूल ओलांडून उलटी गाडी पकडायची आणि लॅबमध्ये जाऊन रजिस्टर आणि बरण्यांवरची लेबलं जुळवत बसायची. फोनमध्ये कॅसेटचे शेकडो फोटो. झोप तीन-चार तास.

इथे माझं चुकलं. "अगं, शिकताना चुका सगळ्यांच्याच होतात," मी म्हणून गेले. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, आमच्याकडे चूक म्हणजे कोणाचं तरी शरीर." तिचं बरोबर होतं. तिची भीती खोटी नव्हतीच, आणि ती घालवणं हे माझं कामही नव्हतं. गडबड होती ती भीतीवर तिने शोधलेल्या उपायात.

कुलूप सात वेळा ओढून पाहणाऱ्याला विचारा, लागलंय का? तो आठव्यांदा ओढेल. पुन्हा पुन्हा तपासलं की आठवण पक्की होत नाही, उलट धूसर होते. तिचंही तेच झालं होतं. शिवाय रात्री दहाला, एकटीने, पेंगुळलेल्या डोळ्यांनी केलेली तपासणी कितीशी खरी? मी विचारलं, लॅबमध्ये नंबर तपासायची रीत काय आहे? म्हणाली, दोघांनी. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने रजिस्टरवर टिक करायची. "आणि तू?" "मी गर्दीच्या वेळी कोणाला विचारत नाही. वाटतं, हिला एवढंही जमत नाही म्हणतील."

मग ठरलं ते असं. टेक्निशियन काकांबरोबर एकदाच, मोठ्याने वाचून, टिक आणि सही. फोटो काढायचे नाहीत. घणसोलीला उतरायचं नाही, फक्त दहापैकी किती भीती वाटतेय ते लिहायचं. पहिल्या दिवशी घणसोलीला ९, ऐरोलीला ८, घरी जेवताना ५. न उतरताही आकडा खाली येतो हे तिने स्वतःच्या अक्षरात पाहिलं. झोपेसाठी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. त्यांनी काही महिन्यांसाठी गोळी दिली. गोळीचं नाव काढताच बाबा रागावले, मग हळूहळू निवळले.

तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा उतरली. दोनदा. होतं असं.

पाचव्या भेटीत मात्र ती आल्या आल्या बोलायलाच लागली. फ्रोझन सेक्शन होतं. पेशंट टेबलावर, सर्जन थांबलेले, तुकडा गोठवून वीसेक मिनिटांत उत्तर द्यायचं. तिच्या सरांनी स्लाइड पाहिली, पुन्हा पाहिली आणि फोनवर शांतपणे सांगितलं, "आत्ता सांगता येत नाही. पॅराफिनवर सांगतो." म्हणजे नेहमीच्या मेणातल्या कापांवर, नंतर. ठेवला फोन. "मॅडम, एवढी वर्षं काम केलेला माणूस सरळ म्हणतो, येत नाही सांगता!" मला हसू आलं. म्हटलं, तुमच्या रिपोर्टात शंका लिहायला शब्द असतात ना? तिने बोटांवर मोजले: सजेस्टिव्ह ऑफ (अमुक असावं असं वाटतं), डीपर कट्स (आणखी खोलवरचे काप बघू), सेकंड ओपिनियन (दुसऱ्या तज्ज्ञाचं मत). पुढे मी काही बोलले नाही, तीही गप्प झाली.

त्या सिनियरबद्दल माझं मत कडक आहे. चूक पकडली हे उत्तम. पण चारचौघांत ते वाक्य फेकून त्याने एक शिकाऊ डॉक्टर लपूनछपून तपासणारी करून ठेवली, आणि लॅबला तीच जास्त धोक्याची. हे मी तिलाही सांगितलं, कारण सगळा दोष आपल्याच मनाचा असं तिने धरलं होतं.

राहिला तिचा पहिला प्रश्न. तीन-चार तासांच्या झोपेवर एमडीची जागा सोडू नये, आणि धरूनही ठेवू नये. आधी झोप, मग निर्णय. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर माझ्यासारखीची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

तिने अजून सोडलेलं नाही. परवा रात्री ८:१० ला मेसेज आला: "घणसोली गेलं. आज ६. काका रजेवर होते, सिनियरलाच वाचायला लावलं."