डोंगल तुटलं, तोड सापडली. ती वर्गात शिकवू का?

प्रश्न : सिडकोत माझा कॅड-कॅमचा (संगणकावर डिझाइन आणि मशिनकाम) क्लास आहे. अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याने रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं डोंगल (संगणकाला लावायची छोटी किल्ली, तिच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) तुटलं. विकणारी कंपनी केव्हाच बंद पडलीय. मी ते डोंगलशिवाय चालू करून दिलं. हे वर्गात शिकवायचंय, पण सहकारी म्हणतात, असं उघड बोलणं हाच गुन्हा. खरं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. मशिन थंड ठेवणाऱ्या कूलंटने काळवंडलेलं डोंगल, वाकडी झालेली पिन आणि शेजारी जपून ठेवलेली पावती. ती पावतीच तुमचा मोठा आधार आहे.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलं. नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं संरक्षण (इथे डोंगल) तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण केव्हा, तर कॉपीराइटचा हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही. ज्या कामासाठी प्रोग्रॅम घेतला त्यासाठी तो वापरता यावा म्हणून रीतसर धारकाला प्रत किंवा फेरफार करण्याची मुभा कलम ५२ देतं. लायसन्सच्या करारात वेगळी अट असेल तर तो वाद दिवाणी. करार मला पाठवा.

तुमचे सहकारी बहुधा अमेरिकेचं ऐकून बोलताहेत. तिथल्या १९९८ च्या कायद्यात संरक्षण तोडायचं साधन पुरवणंही गुन्हा आहे. २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रॅमरने ई-पुस्तकांच्या संरक्षणातल्या त्रुटींवर लास व्हेगासमध्ये भाषण दिलं आणि लगेच त्याला अटक झाली. आरोप तोडणारं सॉफ्टवेअर विकण्याचा होता. २००२ मध्ये ज्युरीने त्याच्या कंपनीला निर्दोष ठरवलं. आपल्याकडे नुसतं समजावून सांगणं गुन्हा नाही, आणि तसा तो कधी होऊही नये असं मला मनापासून वाटतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू कशी चालते आणि कशाने अडते, हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं.

म्हणून डोंगल आणि प्रोग्रॅम एकमेकांशी कसे बोलतात, ते खुशाल शिकवा. प्रोग्रॅमचं काम तपासून त्यामागची तत्त्वं समजून घेणं कलम ५२ मध्येच बसतं. मात्र बदललेली फाइल पेनड्राइव्हवर कुणाला देऊ नका, अगदी हुशार विद्यार्थ्यालाही नाही. चालू कंपनीचं पॅकेज पुढे करून ‘सर, हे पण करून द्या’ म्हणणारा एखादा निघेलच. जाणूनबुजून हक्कभंगाला मदत केली तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. शिवाय ते पॅकेज लिहिणाऱ्याचंही पोट त्यावरच आहे.

एक चूक मात्र तुमच्याकडून झालीय. दुसऱ्याला असं काम करून देणाऱ्याने त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवावी, असं ६५ए सांगतं. तुम्ही काहीच लिहून ठेवलेलं दिसत नाही. आजच वही करा, वर्कशॉपवाल्याची सही आणि पावतीची झेरॉक्स घ्या. तारीख आजचीच टाका. मागची टाकलीत तर खरी नोंदही खोटी ठरेल.