जिनिंगमधले चौदा कॉम्प्युटर डोमेनवर न्यायचे आहेत, ईमेल सर्व्हरही त्याच मशीनवर बसवू का?

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं समजलं: जिनिंग-प्रेसिंगमध्ये चौदा कॉम्प्युटर वर्कग्रुपवर आहेत (प्रत्येक मशीनची खाती आणि पासवर्ड त्याच मशीनमध्ये), टॅलीचा डेटा मुनीमजींच्या मशीनमध्ये आहे आणि गाठींच्या सौद्याचे मेल तिघांच्या खासगी जीमेलवर येतात. आता एकच सर्व्हर घेऊन डोमेन (सगळ्या मशीनची खाती आणि पासवर्ड एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) आणि ईमेल दोन्ही त्यावर बसवायचं आहे. मी वणी-हिंगणघाट पट्ट्यात हीच कामं करतो. डोमेन ऑफिसात जरूर बसवा. मेल मात्र बाहेर, भाड्याच्या सेवेवर ठेवा.

मेल सर्व्हर चोवीस तास जागा लागतो. आपल्याकडे वादळात लाइट गेली किंवा जेसीबीने फायबर तोडला की दिवस दिवस जातो. येणारा मेल त्यात सहसा हरवत नाही, पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. खरी अडचण जाणाऱ्या मेलची आहे. गावातल्या फायबरवर बहुतेकदा स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, मेल पाठवायचा मार्ग म्हणजे पोर्ट २५ बंद असतो, रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नसतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि रिव्हर्स डीएनएस मागतं. ते नसलं की तुमचं कोटेशन सूतगिरणीच्या स्पॅममध्ये पडतं आणि तुम्हाला वाटतं गिऱ्हाईक उत्तर देत नाही. कोणी मायक्रोसॉफ्टचा जुना मेल सर्व्हर, एक्स्चेंज २०१६ किंवा २०१९, स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि एक्स्चेंज डोमेन कंट्रोलरवरच, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरवरच, टाकणं तर मायक्रोसॉफ्टही नको म्हणतं.

म्हणून आधी इंटरनेटवरचं नाव (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते) विकत घ्या, आणि ते फर्मच्या नावावर, मालकांच्या मोबाइलवर नोंदवा. वेबसाइट करणाऱ्याने नाव स्वतःच्या खात्यात घेतलं, पुढे तो गाव सोडून गेला आणि फोन उचलेना, असं एका ऑइल मिलचं झालेलं मी पाहिलं आहे. नाव परत मिळवता मिळवता हंगाम निघून गेला. नाव हाती आलं की मेलबॉक्स उघडा, सेवा देणारा सांगेल तशा एमएक्स (येणारा मेल कुठे पोचवायचा ते), एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी करा. जुने मेल आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) नव्या खात्यात ओढता येतात.

आता डोमेन. हंगामी ऑपरेटर काम सोडून गेला की त्याचं खातं एका जागी बंद करता येतं, माझ्या मते एवढ्यासाठीच डोमेन करावं. विंडोज होम डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागतं, तेव्हा आधी चौदाही मशीन तपासा. सर्व्हर लायसन्सचा खर्च झेपत नसेल तर लिनक्सवर डोमेन चालवणारं सांबा हे सॉफ्टवेअर आहे, चौदा मशीनला पुरतं. आतल्या डोमेनला वेबसाइटचंच नाव किंवा डॉट लोकल (.local) देऊ नका. विकत घेतलेल्या नावाच्या सुरुवातीला ‘एडी’ (ad.) लावून उपनाव करा. राउटरचं डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणं) बंद करून सर्व्हरवरून द्या, आणि मशीनना डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) फक्त सर्व्हरचा द्या. ‘दुसरा असू द्या’ म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकला की डोमेन कधी सापडतं, कधी नाही, आणि शोधणारा वेडा होतो.

एक सकाळ सांगतो. धरमकाट्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि ऑपरेटरचं लॉगिन होईना. आदल्या दिवशीपर्यंत तोच पासवर्ड चालत होता. रात्रभर लाइट नव्हती. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची! मदरबोर्डवरचा बटणसेल मेला होता. डोमेनचं लॉगिन केर्बेरोस या ओळख तपासायच्या पद्धतीवर चालतं, आणि त्यात सर्व्हर व मशीनच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. गावात मिळणारा सीआर २०३२ सेल टाकला, वेळ लावली, काटा सुरू झाला. तेव्हापासून जोडणीच्या आधी मी प्रत्येक जुन्या मशीनचा सेल बदलतो.

दुसरं मुनीमजींचं. डोमेनला जोडल्यावर नवं प्रोफाइल तयार होतं, डेस्कटॉप रिकामा दिसतो. आमच्या मुनीमजींचा चेहरा पांढरा पडला होता, वीस वर्षांचा हिशोब गेला असं त्यांना वाटलं. फायली सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये, जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये जशाच्या तशा होत्या. हे त्यांना आदल्या दिवशीच, शेजारी बसून दाखवा.

सुरुवात कमी कामाच्या एका मशीनपासून करा, आठवडाभर चालू द्या, मग बाकीची. धरमकाटा आणि मुनीमजींचं मशीन शेवटी. काट्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल गेली असेल तर तिथे फायबर टाका, पहिली वीज कडाडली की नेटवर्कचा स्विच जळतो. सगळं दिवाळीच्या आत उरकलं पाहिजे, एकदा कापूस सुरू झाला की हात लावायचा नाही.

आणि काम सुरू करायच्या आदल्या रात्री टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, एखादी कंपनी उघडून तपासा, आणि ती डिस्क घरी न्या. रुईची आग किती वेगाने पसरते हे तुम्हाला मी सांगायला नको, बॅकअप जिनिंगच्या आवारात ठेवू नका.