क्वानसा सोडून खोली घेताय? आधी त्या इमारतीचा सातबारा बघा

तुमची कोरियातल्या खोलीबद्दलची पोस्ट दोनदा वाचली. शाळेच्या क्वानसात (शाळेने शिक्षकांना राहायला दिलेल्या घरात) भिंतींना बुरशी, बस टर्मिनलजवळ वनरूम मिळतेय, ५० लाख वॉन डिपॉझिट, साडेतीन लाख भाडं, घरमालक को-टीचरच्या मावशीच्या ओळखीचे आणि बुधवारी सही. तुम्ही विचारलंय की ४ लाखांच्या घरभत्त्यात भागेल का आणि खोलीत सामान काय काय असतं. भागेल. फ्रीज, वॉशिंग मशीन, शेगडी बहुतेक असतेच. पण पोस्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच कारणाने. डिपॉझिटचा आकडासुद्धा तोच, ५० लाख. माझे ते गेले. तेव्हाच्या हिशेबाने तीन लाख रुपये.

मी कराडची. एम.ए. इंग्रजी, बी.एड. भारत-कोरिया व्यापार करार २०१० मध्ये लागू झाला, त्यामुळे आपल्याला सरकारी शाळेत सहायक शिक्षक म्हणून ई-२ व्हिसा मिळू शकतो, त्याच वाटेने गेले होते. दक्षिण जोल्ला प्रांतातला एक लहानसा तालुका (तिथे त्याला कुन म्हणतात), आठवड्यात तीन शाळा, त्यातल्या एका शाळेत पहिली ते सहावी मिळून १९ मुलं. मुलं फार गोड, काम चांगलं. क्वानसा मात्र शाळेच्या मागेच, ओल इतकी की फेब्रुवारीत गादीखाली काळे ठिपके. २०१९ च्या वसंतात घरभत्ता घेऊन बाहेर पडले.

आमच्या घरात पाच गुंठे जमीन घ्यायची तरी वडील आधी सातबारा काढायचे आणि इतर अधिकारात सोसायटीचा बोजा आहे का ते बघायचे. त्या घरात वाढलेल्या मला खोली भाड्याने घेताना असलं काही बघायचं सुचलंच नाही, कारण आपल्याकडे भाडेकरूला ते लागत नाही. पुण्यात अकरा महिन्यांचा करार, दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, मालकाने बँकेतून काय उचललंय याच्याशी आपला संबंध काय? कोरियात संबंध आहे. मालकाचं कर्ज थकलं की कोर्ट इमारत लिलावात काढतं आणि आलेले पैसे साधारणपणे ज्याचा हक्क आधी नोंदलेला त्याला आधी, या क्रमाने वाटले जातात. बँक बहुतेक वेळा पुढे असते.

तिथल्या सातबाऱ्याला देउंगिबू-देउंगबोन म्हणतात. रजिस्ट्रीच्या साइटवर कुणीही काढू शकतं, नुसता बघायला ७०० वॉन. त्यात कापगू म्हणजे मालकी आणि उलगू म्हणजे बोजे. उलगूमध्ये कुनजोदांग असा शब्द दिसला की ते तारण. समोरची रक्कम प्रत्यक्ष कर्जापेक्षा साधारण वीस टक्के जास्त लिहिलेली असते, ती पाहून एकदम घाबरू नका. पण इमारतीच्या किमतीशी ताडून बघा. आणि वनरूमची इमारत बहुतेक वेळा एकाच मालकाची असते, खोल्या वेगवेगळ्या नोंदलेल्या नसतात. म्हणजे तुमच्या आधी आलेल्या सगळ्या भाडेकरूंची डिपॉझिटंही रांगेत असतात आणि ती देउंगिबूवर दिसत नाहीत. एजंटला तोंडावर विचारा, किती खोल्या, कुणाचं किती. त्याला लेखी माहिती देणं बंधनकारक आहे.

हे झालं एक. पण माझे पैसे यामुळे गेले नाहीत. बोजा असतानाही ते वाचले असते, म्हणून अजून झोप उडते.

छोट्या डिपॉझिटवाल्यांना तिथला कायदा बँकेच्याही आधी पैसे देतो. कुनमध्ये २०२३ पासूनचा आकडा असा: डिपॉझिट साडेसात कोटी वॉनपर्यंत असेल तर त्यातले अडीच कोटी आधी. (कुठल्या वर्षाचा आकडा लागू हे तारण कधीचं आहे त्यावर ठरतं, आणि अशा सगळ्या भाडेकरूंना मिळून इमारतीच्या निम्म्या किमतीपर्यंतच मिळतं.) तुमचे-माझे ५० लाख जुन्या आकड्यांतही आरामात बसतात. मुख्य अट अशी की लिलावाची नोंद होण्याआधी तुम्ही तिथे राहत असायला हवं आणि पत्ता बदलल्याची नोंद झालेली हवी. कोरियन माणूस राहायला गेला की गावच्या कार्यालयात नोंद करतो. आपण परदेशी लोकांनी राहण्याचा पत्ता बदलल्याची नोंद केली की तीच आपल्यासाठी धरली जाते.

मी ती करायला गेले होते. हे मला नीट सांगू द्या, कारण नंतर सगळ्यांनी मलाच विचारलं की नोंद का केली नाहीस. सुट्टी टाकून, दोन बस बदलून, भाडेकरार आणि परदेशी लोकांचं नोंदणी कार्ड घेऊन मी एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने करार उलटून पाहिला, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, तुमच्या व्हिसाची मुदतवाढ चार महिन्यांवर आली आहे, तेव्हा पत्ताही एकदमच बदला, आता दोनदा कशाला. हसून बोलला. मी दोन्ही हातांनी कार्ड परत घेतलं, कमरेत वाकून आभार मानले आणि बाहेर आले. कार्डाच्या मागे निळ्या शाईत शाळेचा पत्ता तसाच.

तिसऱ्या महिन्यात दारावर कागद चिकटवलेला दिसला. मला वाटलं गॅस तपासणीवाले, ते असेच कागद लावून जातात. चप्पल ठेवायच्या कपाटावर तो आठ-नऊ दिवस पडून होता. को-टीचरला फोटो पाठवला तेव्हा तिचा लगेच फोन आला आणि आधी ती काही बोललीच नाही. कोर्टाचा माणूस इमारतीत कोण कोण राहतं ते बघायला येऊन गेला होता. लिलावाची नोंद तीन आठवड्यांपूर्वीच झाली होती. त्यानंतर केलेली पत्त्याची नोंद या कामाला येत नाही. मी परत त्याच खिडकीवर गेले. यावेळी दुसरी बाई होती. पहिल्याने काय सांगितलं याचा काही कागद आहे का, असं तिने विचारलं. नव्हता. पत्ता उशिरा कळवल्याचा दंड मात्र माझ्याकडून भरून घेतला.

माझ्या शेजारच्या खोलीत भात गिरणीत काम करणारा श्रीलंकेचा मुलगा होता. त्याचं डिपॉझिट ३० लाख. त्याने आल्याच्या दिवशी नोंद केली होती, कोर्टाने दिलेल्या मुदतीत वाटपाचा अर्ज (पेदांग-योगु) टाकला आणि त्याला सगळे मिळाले. एकच इमारत, एकच मालक. त्या मुलाला त्याच्या आधीच्या गावातल्या मित्राने सांगितलं होतं. मला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

अजून एक सांगते, याची मला आजही हळहळ वाटते. लिलाव सुरू झाल्यावरही मी चार महिने भाडं भरत राहिले, कारण भाडं थकवणं मला लाजिरवाणं वाटायचं. अशा वेळी बरेच भाडेकरू भाडं थांबवून ते डिपॉझिटमधून वळतं करतात. मात्र माझं वाचून थेट तसं करू नका, आधी १३२ वर कायदेविषयक मदत मिळते तिथे विचारा. कोरियन येत नसेल तर शेजारी कुणाला तरी बसवून फोन लावा. व्हिसा आणि पत्त्याच्या शंकांसाठी १३४५, तिथे इंग्रजी चालतं.

तर माझं मत. काही जणांना ते फार कडक वाटेल.

बुधवारी सही करू नका, निदान त्या दिवशीचा देउंगिबू हातात आल्याशिवाय तरी नाही. मावशीची ओळख ही चांगली गोष्ट आहे, पण मालक गावात चांगला असणं आणि त्याचं कर्ज फिटलेलं असणं या वेगळ्या गोष्टी. माझा मालक दर चुसॉकला (तिथला शरदातला मोठा सण) पेअरची पेटी आणून द्यायचा. तो लबाड होता असं मी आजही म्हणणार नाही. बुडाला बिचारा, आणि आम्हाला घेऊन बुडाला. पैसे ज्याचं नाव कापगूमध्ये आहे त्याच्याच खात्यात टाका, बायकोच्या नाही, एजंटच्या नाही. करारात विशेष अट घालून घ्या (थुगयाक म्हणतात) की तुम्ही राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत नवं तारण टाकणार नाही. कारण तुमची नोंद आज झाली तरी तिचा जोर मध्यरात्री बारानंतर सुरू होतो, आणि बँकेचं तारण त्याच दिवशी चढतं.

सामान टाकलं की त्याच दिवशी, अंघोळसुद्धा नंतर, पत्त्याची नोंद. कायद्याने १५ दिवस आहेत, ते विसरा. इमिग्रेशनपर्यंत जायची गरज नाही, तुमच्या उपच्या (म्हणजे गावच्या) कार्यालयातही होते. कुणी नंतर या म्हणालं तर हलू नका. नम्रपणे सांगा की आजच करायची आहे, आणि नाहीच म्हणाले तर नाव, वेळ आणि कारण लिहून मागा. तिथेच करारावर तारखेचा शिक्का घ्या, ह्वाकजंग-इल्जा, ६०० वॉन. सोल-बुसानची मंडळी सांगतील की हल्ली कराराची नोंद केली की शिक्का आपोआप मिळतो. शहरात खरं आहे, जून २०२१ पासून. पण सोलभोवतीचा ग्यंगी सोडून इतर प्रांतांमधल्या कुनना ती सक्ती लागू नाही, त्यामुळे तुम्हाला तो मागून घ्यावा लागेल. शहरातल्यांचे सल्ले छोट्या गावात असे जागोजागी तोकडे पडतात.

मी वकील नाही. २०२१ मध्ये परत आले, त्यामुळे फी, मुदती आणि आकडे एकदा ताडून घ्या.

जाता जाता, खोली बघायला जाल तेव्हा बॉयलर कशावर चालतो ते विचारा. कुनमध्ये पाइपचा गॅस बऱ्याच ठिकाणी नसतो, रॉकेलचा बॉयलर असेल तर हिवाळ्यात टाकी भरायचा खर्च भत्त्याबाहेर जातो. टर्मिनलजवळ कामगारांसाठीचं एशिया मार्ट असेल तर तिथे तूरडाळ, हळद, कधी कधी कढीपत्ताही मिळतो. आमच्या इथे दर पाच दिवसांनी बाजार भरायचा, तिथली लसूण कराडच्या तोडीची.

मंगळवारी रात्रीपर्यंत देउंगिबू काढा, नावं आणि घर क्रमांक झाकून उलगूचं पान इथे टाका. मला अजून वाचता येतं, मी जागी असेन.