शालेय मैदानावर पहिली पंचगिरी : प्रश्नोत्तरे

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की विद्यापीठांचे शारीरिक शिक्षण विभाग आपल्या विद्यार्थ्यांना पंच, वेळाधिकारी, गुणलेखक म्हणून मैदानावर पाठवतात. अनुभव मिळवायला याहून चांगली जागा नाही. पण दर हंगामात तेच गोंधळ होतात आणि तेच प्रश्न येतात, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र देते.

प्रश्न : व्हॉलीबॉलच्या सामन्यात चेंडू थोडा रेषेवर, बराचसा बाहेर पडला. मी ‘आत’ दिला. संघाबरोबर आलेले शिक्षक म्हणाले, निम्म्याहून जास्त चेंडू आत हवा. बरोबर कोण?

उत्तर : तुम्ही. चेंडूचा कोणताही भाग रेषेला टेकला की तो आत. निम्म्याचा हिशेब नियमपुस्तकात कुठेच नाही.

प्रश्न : 100 मीटरच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकावर आम्ही तिघे वेळाधिकारी होतो. घड्याळे 12.31, 12.38 आणि 12.45 दाखवत होती. आम्ही सरासरी काढून 12.38 लिहिले. चालते का?

उत्तर : नाही. हाताने घेतलेल्या वेळेत सरासरीला जागाच नाही. आधी प्रत्येक घड्याळाची वेळ पुढच्या दशांश सेकंदावर न्यायची. म्हणजे तुमच्या वेळा झाल्या 12.4, 12.4 आणि 12.5. दोन घड्याळे जुळली, तीच अधिकृत वेळ : 12.4. तिन्ही वेगळी असतील तर मधली घ्यायची. दोनच घड्याळे असतील आणि ती जुळत नसतील तर जास्त वेळ दाखवणारे धरायचे.

याच्याच पोटात दुसरी चूक दडलेली असते. घड्याळ पिस्तुलाच्या आवाजावर नाही, धुरावर किंवा ज्योतीवर सुरू करायचे. आवाजाला 100 मीटर अंतर कापायला साधारण 0.3 सेकंद लागतात. आवाजावर बटण दाबलेत तर धावपटूला तेवढी सूट फुकट मिळते आणि आयुष्यात न धावलेली वेळ त्याच्या नावावर लागते. तीन घड्याळांपैकी एकच बरेच कमी दाखवत असेल, तर तो वेळाधिकारी सुरुवातीला कुठे बघत होता हे आधी विचारा. शेवटी बघायचे ते धड. डोके, हात किंवा पाय रेषेपलीकडे गेला म्हणून घड्याळ थांबवायचे नाही. शंका असेल तर तक्त्यावर काहीही लिहिण्यापूर्वी मुख्य वेळाधिकाऱ्यांना दाखवा.

प्रश्न : शिट्टी कोणती घ्यावी?

उत्तर : आत गोळी नसलेली, साधी. एक जादा खिशात ठेवा. पाकिटावर ‘आंतरराष्ट्रीय पंचांची पसंती’ छापलेय म्हणून दुप्पट पैसे देऊ नका.

प्रश्न : फुटबॉलमध्ये मी गोल किक दिली. ती घेऊन झाल्यावर सहाय्यक पंचाने सांगितले की कॉर्नर होता. बेंचवरूनही ओरडा सुरू होता. निर्णय बदलायचा का?

उत्तर : खेळ पुन्हा सुरू झाला की तो निर्णय बदलता येत नाही. त्याआधी स्वतःच्या लक्षात आले किंवा सहाय्यकाने सांगितले तर जरूर बदला. बेंचच्या ओरड्यावरून मात्र कधीच नाही. हात दाखवण्यापूर्वी सहाय्यकाकडे एक नजर टाकायची सवय लावून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात.

प्रश्न : चौदा वर्षांखालील फुटबॉल सामन्यात हेडिंग करताना दोन मुलांची डोकी आपटली. एक जण खाली बसून राहिला. प्रशिक्षक म्हणाले, “शुद्ध गेली नाही ना? मग काही नाही, पाणी मारा.” दोन मिनिटांनी तो उठला, मी खेळू दिले. घरी गेल्यावर त्याला उलटी झाली, असे आज कळले. माझे काय चुकले?

उत्तर : त्याला डॉक्टरांना दाखवले का, हे आधी विचारा. दाखवले नसेल तर पुढचे न वाचता शाळेला फोन करा.

आता तुमचा प्रश्न. गंभीर दुखापत वाटली तर खेळ थांबवणे आणि खेळाडूला मैदानाबाहेर नेले जाईल हे पाहणे ही पंचाची जबाबदारी आहे. त्याला प्रशिक्षकाची परवानगी लागत नाही. ‘शुद्ध गेली नाही म्हणजे काही नाही’ हे वाक्य मैदानामैदानांवर ऐकू येते आणि ते धडधडीत चुकीचे आहे. मेंदूला हादरा बसतो, ज्याला कन्कशन म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा शुद्ध हरपतच नाही. मुलगा उठायला वेळ लावतो. डोके धरून बसतो. उभा राहिला की तोल जातो, नजर कुठेतरी हरवलेली असते, विचारलेल्याचे उत्तर उशिरा येते, चेंडू एकीकडे आणि हा दुसरीकडे धावतो. कुणी मळमळते म्हणतो, कुणाला दोन-दोन दिसते, कुणाला उजेड सोसत नाही. यातले एक जरी दिसले तरी बाहेर. नुसती शंका आली तरी बाहेर. आणि त्या दिवशी परत आत नाही, मग तो ‘मी बरा आहे’ म्हणो की त्याचा संघ एका गोलने मागे असो. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर जिवावर बेतू शकते.

‘आत्ता पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला?’ असे विचारून पाहणे चांगले. पण बरोबर उत्तर आले म्हणून खेळवायचे, असा त्याचा अर्थ नाही. काही लक्षणे काही तासांनीही दिसतात, म्हणून अशा मुलाला एकटे सोडायचे नाही आणि पालकांना त्याच दिवशी कळवायचे. मान दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा, वारंवार उलट्या, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी यातले काहीही असेल तर लगेच रुग्णवाहिका. मानेला मार लागल्याची शंका असेल तर प्रशिक्षित माणूस येईपर्यंत त्याला हलवू नका, ओढून उभे तर अजिबात करू नका.

तुम्ही का कचरलात हे मला समजते. तुमचे वय विशीचे, प्रशिक्षक वडिलांच्या वयाचे, पुढचा सामना खोळंबलेला. म्हणूनच ही तयारी सामन्याआधी करायची असते. प्रथमोपचाराला कोण आहे, गाडी कुठे उभी आहे, जवळचे रुग्णालय कोणते, हे आयोजकांना विचारा. कुणीच नसेल तर मुख्य पंचांना सांगा आणि सोय होईपर्यंत सामना सुरू करू नका. उशीर झाला तर होऊ द्या. घटना घडली तर कितव्या मिनिटाला, काय दिसले, कुणाला कळवले, हे त्याच दिवशी अहवालात लिहा. तुमच्या या घटनेचाही अहवाल आजच मुख्य पंचांकडे आणि विभागाकडे द्या. मुलगा पुन्हा कधी खेळेल हे डॉक्टर ठरवतील. ते प्रशिक्षकांनी ठरवायचे नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही.

प्रश्न : भालाफेकीला मला भाला पडतो त्या बाजूला उभे केले होते. मुले भाले परत फेकत होती, तेवढाच वेळ वाचतो म्हणून. हे योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही. भाला हातात धरून, चालत परत आणायचा, तोही पंचांनी सांगितल्यावर. फेकणाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि हातात मोबाइल नको. कुणी परत फेकला तर स्पर्धा तिथेच थांबवा आणि फेकीच्या मुख्य पंचांना बोलवा.

प्रश्न : एका अकादमीची जाहिरात आली आहे : ‘दोन दिवसांत ऑनलाइन आंतरराष्ट्रीय पंच प्रमाणपत्र.’ पैसे भरू का?

उत्तर : नको. आंतरराष्ट्रीय पंच असे होत नाहीत. फुटबॉलचेच घ्या : राष्ट्रीय संघटना नावे सुचवते आणि फिफा आपली यादी ठरवते. खालच्या पायऱ्या वर्षानुवर्षे चढल्यावर ते नाव पुढे जाते. कोणताही अभ्यासक्रम घेण्यापूर्वी त्या खेळाच्या संघटनेला लेखी विचारा की हे प्रमाणपत्र तुम्ही मानता का. उत्तर येईपर्यंत एक पैसाही भरू नका, ‘आज शेवटची सवलत’ असली तरीही.

प्रश्न : मागच्या हंगामातल्या पंचगिरीचे तास इंटर्नशिपमध्ये धरले जातील का? नोंदवहीवर सही घ्यायची राहून गेली.

उत्तर : ते तुमचा विभागच सांगू शकेल, आजच विचारा. पुढच्या वेळी मैदान सोडण्यापूर्वी सही घ्या.